हो म्हटलं की घोडी थांबते

...नाही, पण यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा ना! समोर शिकवणारा माणूस गळ्याच्या शिरा ताणून ओरडतोय, 'काकाऽऽ, टाचा खाली! टाचा!' तर त्याला आपण काय म्हणणार? 'हो' म्हणणार ना? आपली पद्धतच आहे ती, कुणी काही सांगितलं की आधी हो म्हणायचं, करायचं की नाही ते मग बघायचं. तर मी म्हटलं, 'हो, सर.' आणि घोडी थांबली. तुम्हाला सांगतो, छान दुडक्या चालीने चाललेली, माझंही अंग पहिल्यांदाच तिच्या तालात वरखाली होत होतं, आतून अगदी झकास वाटत होतं, आणि ही बया खाडकन थांबली. ती थांबली, मी नाही थांबलो! मी गेलो पुढे... तिच्या मानेवरून, दोन कानांच्या मधून, थेट मातीत. तोंडात माती, चष्मा कुठं, मी कुठं, आणि वरून देवव्रत सर विचारतायत, 'काका, लागलं का?' मी पुन्हा म्हटलं, 'हो.'

तेव्हा सहदेवमामांनी सांगितलं. सहदेवमामा म्हणजे तिथले सईस, चाळीस वर्षं घोड्यांत गेली त्यांची, माणसांशी बोलताना पण आधी पाठीवर थाप मारतात. त्यांनी मला उचललं, पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, 'साहेब, तुम्ही हो कशाला म्हणालात? घोड्याला हो म्हणजे थांब. होऽऽ केलं की थांबायचं, हे तिला पहिल्यापासून शिकवलंय.' आता छप्पन्न वर्षांत मला हे कुणी सांगितलं होतं? शाळेत शिकवलं? ऑफिसात सर्क्युलर निघालं? सगळ्या महाराष्ट्रात हो म्हणजे चालेल, आणि आमच्या शेवंतीला हो म्हणजे थांब!

'काका, घोडीवर असताना हो म्हणू नका,' सर म्हणाले. तोवर मला परत वर बसवलं होतं, घोडी दोन पावलं चालली होती. मी म्हटलं, 'हो, नाही म्हणत.' ...थांबली ना परत!

तर अशी माझी वाट लागली. एवढं एकच लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. हो म्हटलं की घोडी थांबते.

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस घोड्यावर बसायला गेलाच कशाला? तब्येत ही अशी, पोट हे असं. मी अंबादास खिल्लारे. आडनाव बैलाचं आणि बसलाय घोड्यावर, हा विनोद करून झालाय, आमच्या कंपनीत सगळ्यांनी वेगवेगळा केलाय. मरोळला राहतो, मरोळलाच एमआयडीसीत औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनतात तिथं स्टोअर सांभाळतो. बत्तीस वर्षं. बत्तीस वर्षांत मी एकदाही कुणाला नाही म्हटलेलं नाही. मॅनेजर विचारतो, 'खिल्लारे, रविवारी येताय ना?' हो. सोसायटीत दोन पार्ट्या आहेत, एकमेकांची तोंडं बघत नाहीत, दोघांच्या अर्जावर माझी सही आहे. हॉटेलात वेटर विचारतो, 'चहा की कॉफी?' मी म्हणतो, 'हो.' आमची नीलम, मुलगी माझी, कपाळावर हात मारून घेते, 'पप्पा, यात 'की' आहे, 'की'! दोन्हीतलं एक सांगायचं असतं!' मी म्हणतो, 'हो गं, बरोबर आहे.'

आणि हे सगळ्यात आधी कुणी ओळखलं असेल तर आमच्या जयाने. जया म्हणजे माझी बायको. पोस्टात काउंटरवर होती. तिचा आवाज असा की काचेच्या पलीकडे रांगेतला शेवटचा माणूससुद्धा फॉर्म नीट भरायचा. मला काय म्हणायची? 'अहो.' सगळ्यांच्या बायका म्हणतात तसंच. ती म्हणायची अहो, मी म्हणायचो हो. सत्तावीस वर्षं आमचं हेच बोलणं. 'अहो, गॅस बंद केला का?' 'हो.' चालूच असायचा. 'अहो, विशालच्या साखरपुड्याला सुट्टी टाकलीत का?' विशाल म्हणजे तिचा भाचा. 'हो.' टाकलेली नसायची. लग्नाला महिना झाला नव्हता, ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, 'तुमचं हो म्हणजे काय ते कळलं मला. तुमचं हो म्हणजे तो विषय तिथं थांबला. नाही म्हणणारा माणूस बरा, त्याच्याशी भांडता तरी येतं. तुम्ही हो म्हणता आणि बसून राहता.'

आता बघा, जयाला हे कळायला महिना लागला. शेवंतीला एक दिवस.

घोड्याचं खूळ तिचंच. माझं नाही हो! मला लांबून घोडा दिसला तरी मी फुटपाथ बदलतो. लग्नानंतर माथेरानला गेलो होतो. तिथं घोडा, घोड्यावर जया, आणि पुढं घोडेवाला दोरी धरून चाललेला. मी मागून पायी, दोघांच्या चपलांची पिशवी घेऊन, कारण तिला त्यांनी बूट दिले होते आणि माझी चप्पल तुटली होती. थोडं पुढं गेल्यावर ही म्हणते, 'दादा, दोरी सोडा ना.' तो म्हणाला, 'ताई, पडाल.' ही म्हणाली, 'पडले तर मी पडेन ना, तुम्ही दोरी सोडा.' नाही सोडली त्याने, सोडणार कसा बिचारा. खाली उतरल्यावर ती म्हणाली, 'अहो, मला घोडा शिकायचाय. नीट. कुणी दोरी धरायची नाही.'

त्याला कारण होतं. तिच्या वडिलांचं लग्न तिकडं गावाकडं झालं. शहरातून शिकून आलेला मुलगा, हौसेने घोडा आणला होता. वेशीजवळ माणसं आडवी उभी राहिली आणि म्हणाली, 'उतर.' तुमच्यातल्या माणसाने आमच्यासमोरून घोड्यावर जायचं नाही, उतर. उतरले ते. काय करतील, लग्न लागायचं होतं, म्हातारे आईबाप बरोबर होते. घोडा मोकळा पुढं गेला आणि नवरदेव मागून चालत. सासरे हे हसत सांगायचे. जया कधी हसली नाही. ती एवढंच म्हणायची, 'मला एक पुरी चक्कर मारायची आहे. मधे कुणी उतर म्हणायचं नाही.'

आणि मी काय म्हटलं असेन? हो म्हटलं. 'हो, शिकूया की.' सत्तावीस वर्षं, तुम्हाला सांगतो! नीलमला घेऊन जुहूला गेलो, वाळूत ते घोडे फिरवतात, हिने बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, 'अहो, कधी?' हो, बघू. ती पन्नाशीची झाली, 'अहो, आता हाडं मोडली तर जुळायची नाहीत, कधी?' हो, या दिवाळीनंतर. कुठल्या दिवाळीनंतर ते तिने विचारलं नाही. ओळखून होती. हो म्हटलं की... बरोबर. घोडी आत्ता भेटली, पण थांबायचं सगळं आधीपासूनच चालू होतं.

गेल्या मार्चमध्ये ती गेली. न्यूमोनिया झाला, पाच दिवस ॲडमिट होती. त्याचं मग सांगतो. त्याचं आत्ता नको.

तर एप्रिलमध्ये एक फोन आला. मी घरी एकटा, नीलम तिच्या सासरी मुलुंडला गेलेली. 'जया खिल्लारे मॅडमचा नंबर ना? मी रायडिंग क्लबमधून बोलतोय, आरेच्या बाजूला आपला क्लब आहे. मॅडमनी फेब्रुवारीत नाव नोंदवलं होतं, मोठ्यांची बॅच शनिवारी सुरू होतेय. मॅडम येणार ना?'

मला कळेचना काय ते. फेब्रुवारीत? म्हणजे तिने माझी वाट बघणं सोडून दिलं होतं! मला न सांगता गेली, फॉर्म भरून आली, आणि घरी येऊन माझ्यासमोर बसून शेंगा सोलल्या असतील. आणि मी टीव्ही बघत असेन. आता त्या फोनवरच्या माणसाला काय सांगायचं? मॅडम नाहीत? ते वाक्य तोवर मी कुणालाच स्वतःच्या तोंडाने सांगितलं नव्हतं, सगळीकडे नीलमने सांगितलं होतं. तो परत म्हणाला, 'हॅलो? येणार ना मॅडम?'

मी म्हटलं, 'हो.'

फोन ठेवला आणि घामच फुटला. कारण सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा मी हो म्हटलं होतं आणि त्याचा खरा अर्थ कळणारं माणूस घरात नव्हतं. त्या माणसाने खरंच लिहून घेतलं असणार, येणार म्हणून! मग जावंच लागलं ना कुणालातरी? शनिवारी सकाळी साडेसहाला मी तिथं उभा. देवव्रत सर, तीस-एकतीसचा पोरगा, हातात रजिस्टर. म्हणाला, 'जया?' मी म्हटलं, 'हो.' 'तुम्ही?' 'हो.' त्याने रजिस्टरकडे बघितलं, माझ्या मिशीकडे बघितलं, परत रजिस्टरकडे बघितलं, आणि ही आजकालची पोरं समंजस हो, काही न विचारता हसून म्हणाला, 'वेलकम, जयाजी.'

तीन आठवडे मी जयाजी होतो! तिसऱ्या आठवड्यात सहदेवमामांनी विचारलं, तेव्हा सगळं सांगितलं. रजिस्टरात नाव मात्र जयाचंच राहिलं. त्यांनी पाठीवर थाप मारली नाही त्या दिवशी. शेवंतीचा लगाम माझ्या हातात दिला आणि म्हणाले, 'मग हिच्यावरच बसा. ही बाईमाणूस आहे, समजून घेईल.' शेवंती रेसची घोडी. रेसमध्ये तिचं नाव काहीतरी लांबलचक इंग्रजी होतं, ते मामांच्या तोंडात बसेना, म्हणून शेवंती. रेसमध्ये ती कधी जिंकली नाही म्हणे. मी म्हटलं, जमेल आपलं.

जमलं कुठं पण! आमच्या बॅचमधले बाकीचे मोठे दुसऱ्या शनिवारी गळाले, एकाची पाठ, एकाची बायको. मग मला टाकलं लहान मुलांत. आठ ते बारा वर्षांची पोरं, टुणटुणीत, घोड्यावर बसून चिक्की खातात! आणि मी, नीलमने ऑनलाइन मागवलेल्या त्या घट्ट पँटीत... त्या पँटीबद्दल मी बोलणार नाही. लिफ्टमध्ये शेजाऱ्यांनी बघितलंय, तेवढं पुरे आहे. एक चिमुरडी मला म्हणते, 'अंकल, तुम्ही घोड्याला हो म्हणू नका ना, मागून आम्ही येतो, आम्हाला पण थांबायला लागतं.' काय चुकलं तिचं?

मग मी हो सोडलं. सिगरेट सोडतात तसं. घरात, ऑफिसात, रस्त्यात, कुठंच म्हणायचं नाही, कारण एकदा तोंडाला वळण लागलं की घोडीवरही येतंच. हो ऐवजी बरं. हो ऐवजी ओके. हो ऐवजी करेक्ट. मॅनेजरला म्हटलं, 'करेक्ट.' तो दचकला, म्हणाला, 'खिल्लारे, तब्येत बरी आहे ना?' मी म्हटलं, 'बरं.' फळवाल्याने विचारलं, 'गोड देऊ का?' मी म्हटलं, 'ओके, करेक्ट, चालेल.' तो म्हणाला, 'साहेब, पपई आहे, एवढं काय?' आणि ही मराठी भाषा, तुम्ही कधी लक्ष दिलंय का, हिच्यात किती हो आहेत? 'हो का', 'काय हो', 'चला हो'. 'होईल' म्हटलं तर शेवंती अर्धी थांबायची आणि वळून बघायची, नक्की काय ते ठरवा म्हणून.

आणि एक शब्द माझ्या लक्षातच आला नाही. कसा येणार? तो मला ऐकूच येत नव्हता मार्चपासून.

क्लबचा शो असतो जानेवारीत. मांडव, खुर्च्या, माईक, टोपीवाले परीक्षक, सगळं असतं. शिकाऊ गटाला दुडक्या चालीने रिंगणात दोन चकरा, वाटेत जमिनीवर बांबू टाकलेले असतात ते ओलांडायचे, आणि शेवटी मधोमध येऊन थांबायचं, परीक्षकांना सलाम करायचा. बस. पोरं हसत हसत करतात. सर म्हणाले, 'काका, नाव देऊ?' मी म्हटलं, 'करेक्ट.' आणि त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. तिची एक पुरी चक्कर. मधे थांबायचं नाही, मधे कुणी उतर म्हणायचं नाही. सत्तावीस वर्षांतला एक तरी हो खरा करून दाखवायचा. आणि एकच हो शिल्लक ठेवला होता मी, शेवटचा, मधोमध गेल्यावर म्हणायचा, तेव्हा थांबायचंच असतं. नऊ महिने जपून ठेवला होता तो.

आता ते हॉस्पिटलचं सांगतो. सांगायलाच लागेल, नाहीतर पुढचं तुम्हाला कळायचं नाही.

पाचवा दिवस होता. दुपारचे चार. ताप उतरला होता, डॉक्टर म्हणाले होते, उद्या घरी सोडतो. मी दारापाशी उभा राहून भिंतीला कागद लावून डिस्चार्जचा फॉर्म भरत होतो. पूर्ण नाव, पत्ता, पेशंटशी नातं. पलंगावरून तिने हाक मारली, 'अहो...' मी म्हटलं, 'हो, आलो.' आणि आणखी दोन रकाने भरले. दोनच. पिनकोड आणि फोन नंबर. मग गेलो तर तिचे डोळे मिटलेले. म्हटलं, झोप लागली वाटतं. उठवायला नको. स्टूल ओढलं, आवाज होऊ नये म्हणून उचलून ठेवलं, आणि तिच्या शेजारी बसलो. दहा मिनिटं बसलो होतो मी. सिस्टर आली तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, हृदय अचानक थांबलं, तुम्ही लगेच आला असतात तरी काही करता आलं नसतं. नीलम पण तेच म्हणते. असेल, तसंच असेल. पण त्या अहोच्या पुढं काय होतं, हे मला आता कोण सांगणार? पाणी द्या म्हणणार होती का? घोड्याचा फॉर्म भरलाय हे सांगणार होती का? की नुसतंच... नुसतंच अहो? सत्तावीस वर्षं माझं हो ऐकून सगळं जागच्या जागी थांबत आलं होतं, आणि त्या दिवशी... जाऊ द्या.

तर शो. जानेवारीतला रविवार, सकाळचं कोवळं ऊन, मांडवात पोरांचे आईबाप, आज्या, डबे, थर्मास. नीलम पहिल्या रांगेत मोबाईल धरून. आणि माईकवर, 'यापुढे, नंबर चौदा, कुमारी जया खिल्लारे!' कुमारी! शिकाऊ गट म्हणजे सगळी मुलंच, माईकवाल्याने हिशेब लावला. आणि आत आलो मी. छप्पन्न वर्षं, पोट, मिशी, पँट. सगळा मांडव हसला. मी पण हसलो, खोटं कशाला सांगू. रिंगणात तिच्या नावाने टाळ्या पडत होत्या, मला बरंच वाटलं.

सुरुवात केली. शेवंती चालली, चालीवर आली, मी वर, खाली, वर, खाली. टाचा खाली, नजर समोर, तोंड बंद. तोंड कडेकोट बंद! सर कठड्यापाशी स्वतःच्या तोंडावर हात ठेवून उभे, माझ्याऐवजी त्यांच्या तोंडून जाईल म्हणून. पहिले बांबू ओलांडले. पहिली चक्कर पुरी झाली. अहो, पुरी झाली! मोडतोड नाही, थांबणं नाही. दुसरी चक्कर सुरू झाली, लांबची बाजू, वळण, बांबू, आणि आता एकच वळण राहिलं होतं. एक! मी मनात म्हणत होतो, जया, बघतेस ना, दोरी कुणी धरलेली नाही, बघ...

आणि मांडवातून एका बाईने हाक मारली, 'अहोऽऽ!'

तिच्या नवऱ्याला हो! तो कुठं मागे जाऊन उभा होता आणि तिला थर्मासचं झाकण उघडत नव्हतं. पण शेवंतीला काय माहीत? तिने त्यातलं हो ऐकलं आणि थांबली. आणि मी... मी पडलो नाही या वेळी. मी वळून बघितलं. तुम्हाला शपथेवर सांगतो, घोडी का थांबली हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. मी त्या आवाजाकडे वळलो. दहा महिने कुणी मला अहो म्हटलं नव्हतं. पप्पा म्हणतात, काका म्हणतात, खिल्लारे म्हणतात, अंकल म्हणतात. अहो म्हणणारं एकच माणूस असतं आयुष्यात आणि ते गेलं की तो शब्द आपला राहत नाही. मी सगळा मांडव बघितला. एकेक रांग बघितली. वेडा झालो होतो मी, वेडा! जणू ती तिथं कुठंतरी शेंगा सोलत बसलेली असणार.

सर ओरडतायत, 'काका, पाय लावा, चालवा तिला!' पोरं ओरडतायत, 'अंकल, चला!' मला काही ऐकू येईना. डोळ्यांपुढं सगळं पाणीच. मग घंटा वाजली. घंटा म्हणजे बाद. टोपीवाले गृहस्थ माईकवर अगदी सभ्यपणे म्हणाले, 'नंबर चौदा, धन्यवाद. काका, आपण इथंच उतरा.'

उतरा.

त्यांना काय माहीत हो. भले गृहस्थ ते, त्यांचा नियमच आहे तो, बाद झाला की तिथं उतरायचं आणि घोडी धरून बाहेर यायचं. सहदेवमामा लगाम धरायला पुढे आले सुद्धा. पण माझ्या कानात ती वेस, तो घोडा, ते सासरे. आणि मी, ज्याने बत्तीस वर्षं मॅनेजरला, सत्तावीस वर्षं बायकोला आणि सोसायटीच्या दोन्ही पार्ट्यांना हो म्हटलंय तो मी, सगळ्यांसमोर म्हणालो, 'नाही.'

टोपीवाले म्हणाले, 'काय?' मी म्हटलं, 'नाही उतरणार. एक वळण राहिलंय.'

मामांनी माझ्याकडे बघितलं आणि लगामाला लावलेला हात काढून घेतला. दोन पावलं मागे झाले. मी शेवंतीच्या मानेवर हात ठेवला, म्हटलं, 'चल बाई.' ती चालली. दुडक्या चालीने नाही, साधी, चालत. मला अंगात जोरच नव्हता. त्या शेवटच्या वळणावरून चालत चालत आम्ही आलो, कुणी हसलं नाही, कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, नीलमचा मोबाईल खाली आणि हात तोंडावर. मधोमध आलो. आता थांबायचं होतं. नऊ महिने जपून ठेवलेला तो एक हो. म्हणायला गेलो आणि तोंडातून नुसता हो आला नाही, त्याच्या पुढचंही आलं.

मी म्हटलं, 'हो, आलो.'

शेवंती थांबली. मी सलाम केला. कुणाला केला ते मला माहीत आहे.

नंबर? कसला नंबर? बाद म्हणजे बाद. निकालाच्या कागदावर लिहिलंय, 'जया खिल्लारे, बाद.' नीलमने तो कागद मागून घेतला, आईच्या फोटोजवळ ठेवलाय. जातायेता मला रोज दिसतो. आणि तुम्हाला वाटत असेल, चला, चक्कर पुरी झाली, माणूस सुटला. कसला सुटतोय? घरी गेलो, कुलूप उघडलं, बूट काढले, आणि पहिला विचार हाच आला की हिला सांगायला पाहिजे. आजही येतो. चक्कर पुरी झाली हे खरं, पण जिची होती ती नव्हती ना वर. मी उशिरा पोचलो. दोन रकाने भरून मग पोचलो. हे असंच राहणार, याला औषध नाही, आणि मला ते नकोही आहे.

पण शनिवारी गेलो परत. जाणार कुठं दुसरीकडे? शेवंतीवर बसलो, सावकाश चक्कर चालली होती, कुणाची घाई नाही, काही नाही. देवव्रत सर रजिस्टर घेऊन बरोबर चालत होते. म्हणाले, 'काका, पुढच्या वर्षी परत नाव देऊ या. पण रजिस्टरमध्ये आता तुमचं नाव घालू, की मॅडमचंच ठेवू?'

मी म्हटलं, 'हो.'

'अहो काका, हो काय? दोन्हीतलं एक सांगा ना!'

आता काय सांगणार त्यांना? त्यांच्या त्या 'अहो'ला आणि माझ्या 'हो'ला शेवंती केव्हाच थांबली होती, आणि मान वळवून माझ्याकडे बघत होती. मी तिच्या मानेवर थोपटलं. म्हटलं, थांब बाई, थांब. तुझं बरोबर आहे. आता कुणाला कुठं जायची घाई आहे?